भागाबाई आत्याचं खापर

पारोळ्यात भागाबाई आत्याशिवाय कुणाच्या लग्नाचे मांडे होत नसत. पुरणाचा उंडा हातांवर झुलवत ती कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर अलगद टाकायची. मधुमेह निघाला आणि तिच्या मुलाने, नवलने, तिला खाटेवर बसवलं. आजारी माणसाने पडून राहावं, एवढंच आमच्या घरात कळतं! साखर चढतच गेली, इन्सुलिनचा डोसही वाढला.

मी अमळनेरला नर्स आहे. तडक गेले आणि नवलला झापलं, "साखरेला पेशीत शिरायला दारं लागतात. ती पेशीच्या आत पडून असतात. इन्सुलिनने हाक मारली की भिंतीशी येतात. आत्याच्या पेशींना ती हाक नीट ऐकू येत नाही. पण स्नायू राबले की दारं हाकेविनाही येतात. आणि तू तिला बसवून ठेवलंस!"

आत्या उठली. रोज चालू लागली, पुन्हा लोकांचे मांडे करू लागली. साखर उतरली, तशी डॉक्टरांनीच इन्सुलिन कमी केलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अख्खी गल्ली तिच्या चुलीभोवती जमली. नवल म्हणाला, "माय, दमशी. आत्ते बस."

कोपरापर्यंत मांडा झुलवत आत्या गरजली, "बसनू का दारं बंद! सरक, खापर तपेल शे."