कोरं घंगाळ

आमच्या थोरल्या जाऊबाई रत्नमाला यांच्या स्वयंपाकघरात नवा माणूस आला की गोंधळतो. "विशाखा, मनकर्णाबाईत भात टाक," असं त्या मला सांगतात, नाहीतर "धोंडिबा घासून ठेव." मनकर्णाबाई म्हणजे पितळी पातेलं आणि धोंडिबा म्हणजे परात. जुन्या बाजारातून आणलेल्या भांड्यांवर ज्यांची नावं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली आहेत, त्यांच्याच नावांनी ती आमच्याकडे ओळखली जातात. एका तांब्यावर तर नुसतंच गावाचं नाव आहे, 'फर्दापूर', त्यामुळे पाहुण्यांना आम्ही फर्दापुरातून पाणी देतो.

जाऊबाई मुकुंदवाडीत साड्यांना फॉल-पिको करून देतात. घरखर्चातून उरेल ते पावडरच्या रिकाम्या डब्यात पडतं आणि डबा जरा जड झाला की रविवारी जाफर गेटच्या जुन्या बाजाराची वारी ठरलेली. सोबतीला मी. माझ्या मताला तिथं काडीची किंमत नसते, पण जड भांडं उचलायला दुसरा हात लागतो, म्हणून मला नेतात. उन्हातान्हात भंगाराच्या ढिगाऱ्यांमधून फिरायचं, त्या उकिडव्या बसून एकेक भांडं उलटंपालटं करणार आणि मी दोघींच्या पिशव्या धरून उभी.

त्या शोधत होत्या एक घंगाळ. जुनं, जाड पितळेचं, दोन्हीकडे कड्या असलेलं आणि कोरं. कोरं म्हणजे ज्यावर कुणाचंही नाव नाही असं. त्यावर त्यांना स्वतःचं नाव घालायचं होतं.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. त्यांच्या लग्नात माहेरहून आली ती सगळी जर्मनची भांडी. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. वडील वीटभट्टीवर, त्यांनी तेवढं दिलं हेच खूप होतं. त्या हलक्या भांड्यांवर नाव घालायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या लग्नात मामानं तांब्याचा हंडा दिला होता. त्यावर 'मामाकडून चि. विशाखास भेट' असं कोरलेलं आहे. हा हंडा जाऊबाई चिंच लावून घासायच्या आणि घासून झाला की त्या अक्षरांवरून बोट फिरवायच्या. एकदा मी ते दारातून पाहिलं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, कारण हंडा माझा होता.

पण जुन्या बाजारात कोरं भांडं कुठून मिळणार? आपल्याकडे भांडं चुलीवर चढायच्या आधी त्यावर नाव चढतं. नवं जाड पितळ परवडत नव्हतं आणि नवं परवडणारं घंगाळ जाऊबाईंनी दुकानात बोटानं टिचकी मारून बाजूला सारलं होतं. मी म्हणायची, "बाई, जुनंच घ्या की. नाव घासलं की झालं."

"दुसऱ्याचं नाव घासायचं म्हंजी चोरीच हाय ती."

"मग त्याच्याखाली तुमचं घाला."

"त्या बाईनं मला दिलंय व्हय ते? फुकट कशाला चिकटू तिला?"

दोन उन्हाळे गेले. जाफर गेटला जुनी भांडी विकणारे मुश्ताकभाई आम्हाला लांबून बघूनच मान हलवायचे. "आपा, कोरा नै आया."

गेल्या थंडीत एका रविवारी मात्र त्यांनी हात उंच करून आम्हाला बोलावलं. पोतं बाजूला केलं. खाली घंगाळ होतं. एवढं जड की मला एकटीला हललं नाही. "देखो आपा, एकदम कोरा."

जाऊबाई खाली बसल्या. नाव बघायला त्यांना डोळे लागत नाहीत, त्या काठावरून अंगठा फिरवतात. अंगठा निम्म्या वाटेवर थांबला. तेवढीच जागा गुळगुळीत होती आणि बाकीच्या काळपट पितळेत उजळ दिसत होती.

"मुश्ताकभाई, इथं नाव व्हतं."

मुश्ताकभाई खुशीत होते. "था ना. तुमच्यासाठीच मशीन लावून घासलं. किती दिवस झाले, कोरा कोरा करताय."

जाऊबाईंचा चेहरा उतरला. "कुणाचं व्हतं?"

"द्वारकाबाई. आगे कुछ लिखा था, अब याद नै."

त्या उठल्या आणि चालू लागल्या. मुश्ताकभाई माझ्याकडे बघत राहिले. बिचारा करायला गेला एक आणि झालं भलतंच. मी पिशव्या सावरत मागे धावले आणि चहाच्या गाड्यापाशी त्यांना गाठलं. माझं डोकं तापलं होतं. "बाई, तुम्ही तर नाय घासलं ना? त्या द्वारकाबाईंना कळणार हाय का? असं घंगाळ पुन्हा मिळायचं नाय."

मी चहा सांगितला. जाऊबाईंनी पेला घेतला पण तोंडाला लावला नाही. म्हणाल्या, "कुणीतरी हौसेनं घातलं आसंल गं तिचं नाव. माझ्यापायी गेलं ते."

"मग आता काय करायचं?"

"परत आणायचं."

पेला तसाच ठेवून त्या परत गेल्या आणि मुश्ताकभाईंशी असा भाव केला की मी त्यांची सगळी हळहळ विसरले. घासल्यानं पितळ पातळ झालं, काठ बिघडला, वर आता नाव घालायचा खर्च, सगळं त्यांनी ऐकवलं. मुश्ताकभाईंनी कानाला हात लावला आणि पावडरच्या डब्यात होतं तेवढ्यात घंगाळ दिलं.

एक कडी त्यांनी धरली, एक मी. थांबत थांबत, शिव्या घालत (घालणारी मी), आम्ही कासारी बाजारात पोचलो. तिथं नावं घालणारा म्हातारा पायरीवर हत्यारं मांडून बसलेला असतो. त्यानं घंगाळ फिरवलं, गुळगुळीत जागा पाहिली आणि विचारलं, "काय नाव घालू?"

मला वाटलं, एकतर त्या स्वतःचं सांगतील, नाहीतर हट्टाला पेटून नुसतं द्वारकाबाईंचं. स्वतःचं सांगावं असं मला मनापासून वाटत होतं.

जाऊबाईंनी पदर नीट केला आणि सावकाश सांगितलं, "घाला. द्वारकाबाईंकडून चि. रत्नमालास भेट."

म्हाताऱ्यानं हातोडी उचलली. ठिपके पडू लागले. ठिपके त्यांच्या नावाशी येईपर्यंत जाऊबाईंनी हात घंगाळाच्या काठावरून काढला नाही. केस पिकलेल्या बाईच्या नावाआधी 'चि.' घालताना म्हातारा जरा हसला. "लग्नातलं राहून गेलेलं दिसतंय. या द्वारकाबाई कोण, तुमच्या मावशी का?"

"माझ्या माहेरच्या हायत," जाऊबाई म्हणाल्या.