छातीतल्या गाठीची वानगी

वसमतच्या हळदीच्या बाजारात मी बोली पुकारायचो. ढिगांच्या रांगा लागलेल्या असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकतो आणि एक माणूस भाव ओरडत पुढे चालतो. तो माणूस मी. माझं घर या आवाजावर चाललं. त्याच आवाजाने दगा दिला तेव्हा अख्ख्या बाजाराने एका दमात निदान केलं, की हा पिऊन येतो.

सकाळी माझा आवाज खणखणीत असायचा. दोन-तीन रांगा झाल्या की तो नाकातून यायचा, शब्द लोळायला लागायचे. दुपारनंतर डाव्या डोळ्याची पापणी खाली यायची आणि एका पोत्याची दोन पोती दिसायची. दारुडा तरी याहून वेगळा काय दिसतो? ज्याचा माल मी वर्षानुवर्षं चढ्या भावाने विकून दिला, तो एक अडत्या सगळ्यांदेखत म्हणाला, "दुपारची मारून येऊन राहिला का रे? मालाची वाट लावू नको आमच्या." सगळे हसले. त्या हसण्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

मी दारूचा थेंबही कधी घेतलेला नाही. बाप दारूने गेला, तेव्हा ती काय चीज आहे हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लग्न ठरतानाच बायकोला तसा शब्द दिला होता. विहारात पंचशील म्हणताना पाचवं शील, म्हणजे दारूपासून लांब राहण्याचं, मी सगळ्यांत मोठ्याने म्हणायचो. आता तिथेही आवाज नाकात गेला की पुढच्या रांगेतली डोकी मागे वळायची.

घरी बायको दारातच अडवायची.

"तोंड उघडा."

"काहून?"

"उघडा म्हणते ना."

ती वास घ्यायची. वास कुठून येणार? मग म्हणायची, "आजकाल वास न येणारी बी भेटते म्हणतात." चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. बाजाराचं सोडा, पण हिला दिलेला शब्द मी कधी मोडला होता?

दवाखाने कमी केले नाहीत. पण आमच्याकडे डॉक्टरकडे जायचं म्हणजे पाहुण्याकडे गेल्यासारखं जायचं. काम बंद, आंघोळ, इस्त्रीचा सदरा, पहिली एसटी. एसटीत मी मस्त झोपायचो. डॉक्टरसमोर बसलो की पापणी जागेवर आणि आवाज खणखणीत. आजार घरी ठेवून दवाखान्यात जायचो म्हणा ना. "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका," असं ऐकून परत यायचो, आणि बायकोचा संशय आणखी पक्का व्हायचा.

शेवटी नांदेडला एकदा नंबर दुपारपर्यंत आला नाही. मागून आलेले पुढे घुसत होते. मी त्यांच्याशी भांडलो, कंपाउंडरशी भांडलो, इतका की आवाज पार बसला आणि पापणी लोंबायला लागली. त्याच अवतारात आत गेलो. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने रक्त घेतलं, छातीचा स्कॅन काढायला लावला. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिच्यावर गाठ निघाली. भांडणाने माझं एवढं एकच भलं केलंय.

मुंबईला पाठवलं, बायको सोबत आली. तिथे याच गाठींवर संशोधन करणारी एक डॉक्टरीण होती. स्कॅन बघून तिचा चेहरा खुलला. "काका, ही गाठ फार दुर्मिळ आहे." एक नंबरचा माल बघून व्यापारी खुलतो तशी खुलली बाई. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तिने समजावून सांगितलं. शरीराच्या शिपायांना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींना, आपलं कोण, परकं कोण हे या ग्रंथीत शिकवलं जातं. गाठीमुळे ते शिक्षण बिघडतं, आणि शिपाई आपल्याच स्नायूंकडे जाणारा निरोप अडवतात; म्हणून स्नायू कामाने थकतात आणि आराम मिळाला की परत चालतात. असं नेमकं कशाने होतं, हे ती शोधत होती.

मी म्हणालो, "म्हणजे घरचेच घरच्याला मारतात. त्यासाठी संशोधन कशाला, आमच्या घरी या."

बायकोने मान खाली घातली. डॉक्टरणीने हातमोज्यात बर्फ भरला, माझ्या मिटलेल्या पापणीवर धरला आणि थोड्या वेळाने काढला. पापणी वर गेली. "दारूने पडलेली पापणी अशी उठत नाही," ती बायकोला म्हणाली. बायको रडायला लागली. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण संताप आला. हिला माझा शब्द पटला नाही, बर्फ पटला.

मग ऑपरेशन ठरलं, आणि काढलेली गाठ संशोधनासाठी ठेवून घेऊ का, असं विचारणं झालं. मी म्हणालो, ठेवा, पण मला वानगी पाहिजे. आमच्या बाजारात ढिगात हात घालून मूठभर माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणी बोली लावत नाही. गाठीचा एक तुकडा बाटलीत द्या, मी त्या अडत्याच्या गादीवर नेऊन ठेवतो. ती म्हणाली, तसं देता येत नाही. मी म्हणालो, मग गाठ राहू द्या छातीतच.

"मेल्यावर दाखवता का वानगी?" बायको ओरडली. मी सही केली.

ऑपरेशन झालं, गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या खेपेला डॉक्टरणीने सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा काप दाखवला आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढू दिला. काही महिन्यांनी आवाज टिकायला लागला, तसा मी बाजारात गेलो आणि फोटो अडत्यासमोर धरला.

"हे तर गुलाल सांडल्यावानी दिसून राहिलं," तो म्हणाला. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं मुंबईला गेलास. सुटली एकदाची."

सगळ्या बाजाराने तेच धरलं. मी मुंबईला जाऊन दारू सोडून आलो! विहारातल्या एका बुजुर्गाने तर पोरांना व्यसनमुक्तीवर दोन शब्द सांग म्हणून गळ घातली. मी त्यांना जे दोन शब्द सांगितले ते विहारात बोलण्यासारखे नव्हते.

मी दरवर्षी मुंबईला तपासणीला जातो. ती बाई अजून खुलते, मला अजून तिचा राग येतो. तरी जातो, कारण मी दारुडा आहे असं न मानणारी तेवढी एकच जागा आहे.

दम लागला तर ताबडतोब दवाखाना गाठा, असं डॉक्टरणीने बायकोला बजावलंय. म्हणून संध्याकाळी मी घरात शिरलो की ती आपला चेहरा माझ्या तोंडाजवळ आणते. परवा मी मान फिरवली.

"आवं, वास न्हाई घेत," ती म्हणाली. "दम लागला का ते बघून राहिले."

"माहीत आहे," मी म्हणालो. "पण मान आपोआप फिरते."