खाऱ्या हवेचा वैरी

आमच्या शेजारच्या काकांचा या पृथ्वीतलावर एकच शत्रू आहे, आणि तो म्हणजे समुद्रावरून येणारी हवा. रत्नागिरीत हयात काढून खाऱ्या हवेशी वैर धरायचं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. पण काकांनी ते निष्ठेनं निभावलं आहे. तीस वर्षं बंदरावरच्या कचेरीत कारकुनी करताना त्यांनी लोखंडाचे इतके हाल पाहिले, की निवृत्त होताच ते शिलाई मशीन घेऊन बसले आणि दिसेल त्या वस्तूला कव्हर शिवू लागले. स्कूटरला कव्हर, पंपाला कव्हर, फाटकाच्या कडीला कव्हर. टीव्हीचा रिमोट दुधाच्या धुतलेल्या पिशवीत असतो, त्यामुळे त्यांच्याकडे बातम्या लावायला गेलं की हमखास कुस्ती लागते. "उद्या मेलं मलाही कव्हर घालतील," असं काकू म्हणतात. आम्ही हसतो, काका मात्र क्षणभर विचारात पडतात.

अशा माणसानं एसी घेतला तो लेकीपायी. लेक मुंबईला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं ही काकांची फार इच्छा, आणि दिवस नेमके मे महिन्यातले. लेकीनं फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाबा, मला उकाडा सोसत नाही. घरात थंडावा नसेल तर मी आपली इथंच बरी." एसीला जन्मभर 'श्रीमंतांचा पडशाचा पेटारा' म्हणणारे काका दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आधी तिथं हजर होते. एसी लागला, चालला, काकूंनी शाल काढली. आणि लेक आली त्याच दुपारी तो गार करायचा थांबून नुसताच वारा घालू लागला.

मेकॅनिक चार दिवसांनी येतो म्हणाला, तेव्हा काका स्वतःच दुरुस्तीला बसले. त्यांनी आतल्या जाळ्या काढून टूथब्रशनं घासल्या. रिमोटचे सेल बदलले, दुधाची पिशवीही बदलली. आकडा सोळावर नेऊन पाहिला, मग त्याला राग आला असेल म्हणून चोवीसवर आणला. दारांच्या फटीत जुनी धोतरं कोंबली. मी आपला भीतभीत म्हणालो, "काका, गॅस गेला असेल."

"जातो कुठं, अंजनवेलच्या गॅसवरल्या वीजकेंद्राला?" काका कडाडले. "घेऊन आठ दिवस नाय झाले अजून!"

तिसऱ्या दिवशी लेकीचे पाय सुजले. बॅग भरून ती म्हणाली, "बाबा, मी उद्याच्या गाडीनं परत जाते." काका हातातला टूथब्रश घेऊन तसेच उभे राहिले, आणि मला त्यांची मनापासून दया आली.

संध्याकाळी लेक वाऱ्याला म्हणून मागल्या दारी गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, भिंतीवर हे पोतं कसलं टांगलंय?"

एसीचा बाहेरचा डबा होता तो. वरून गोणपाट, आतून प्लॅस्टिकचं अस्तर, घट्ट आवळलेली नाडी, शिवाय वॉरंटीचं कार्ड ठेवायला खिसा. लेक यायच्या दिवशी सकाळीच काकांनी तो अंगरखा चढवला होता. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी तीन दिवस तो बघत होतो, आणि भाताचं बियाणं उंदरांपासून वाचवायला वर टांगलंय असं समजत होतो.

"खारी हवा लागते गो त्याला," काका पुटपुटले.

"अहो बाबा, पण आतली उष्णता तो टाकणार कुठून? नाकतोंड शिवून ठेवलंत त्याचं!"

काकांनी नाडी सोडली. रात्रीच्या जेवणापर्यंत खोली गार झाली आणि बॅग पलंगाखाली गेली. पुढच्याच महिन्यात त्या खोलीत नातीचा पाळणा हलला.

तीन महिन्यांनी मायलेकी मुंबईला गेल्या. तेव्हापासून एसी बंदच आहे. परवा काका मागल्या दारी उभे होते. डब्याच्या कोपऱ्याला तांबूस गंज धरला होता, तो ते नखानं खरवडत होते. मी म्हटलं, "काका, आता तर बंद आहे. आता घाला की कव्हर."

"शिवलेलं आहे की रे घरात," काका म्हणाले. मग फाटकाकडे बघत हळूच म्हणाले, "पण ती पोरीला घेऊन अचानक आली, आणि मी काढायला विसरलो तर?"