तुळसाराणीचा लग्नाचा फोटो

"हात खाली," मी म्हणालो. तुळशीरामनं हात खाली घेतला आणि मान तिरपी केली. मान सरळ केली तर कंबर वळली.

चांद्यातल्या माझ्या स्टुडिओत सकाळपासून हेच चाललं होतं. हा तुळशीराम म्हणजे आमच्या भागातली एकेकाळची तुळसाराणी. नाटकमंडळीत तेव्हा पोरंच बायकांची कामं करायची. पंधरा-सोळा वर्षांचा हा पोरगा राणी होऊन यायचा तेव्हा गावंच्या गावं बैलगाड्या जुंपून निघायची. बाया त्याच्यासारखं लुगडं नेसायच्या. त्याचे राणीच्या वेशातले फोटो मीच काढलेले. ते पानठेल्यांवर लागले आणि काही भाबड्या घरांत लक्ष्मी म्हणून देव्हाऱ्यातही गेले. पुढे आवाज फुटला, मिशी आली आणि राणी संपली. आता तो माजरीच्या खाणीत हजेरीबाबू होता आणि मुलीवाल्यांकडे पाठवायला फोटो काढून घ्यायला आला होता.

"तीन घरून नकार आला, भाऊ," तो रडवेला झाला होता. "फोटो पाहून म्हणतेत, पोरगा कुठी आहे यात?"

"मिशी दिसत नाही त्यांना?"

"मिशीलेच हसतेत."

मी स्टुडिओतली शिकारीची बंदूक त्याच्या हातात दिली. त्यानं ती कडेवर घेतली. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा आणि लेन्स उघडी असेपर्यंत माणसानं हलायचं नसे. हा हलत नव्हता, पण राणीसारखाच थांबत होता. मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात भद्रावतीचे महादेवभाऊ आपल्या अनसूयेला घेऊन आले. एका स्थळाकडे पाठवायला तिचा फोटो हवा होता. ती खुर्चीत बसली ती खुंट्यासारखी. तुळशीरामला ते बघवेना. तो माझ्या पाठीमागून म्हणाला, "हनुवटी जराशी खाली घ्या, बाई. पदर ओढू नका, येऊ द्या खांद्यावरून. आता इकडे पाहा." आणि त्यानं ते करूनही दाखवलं. मिशीसकट. अनसूया हसली आणि मी फोटो घेतला.

"आता तुमी उभे राहा," ती उठून त्याला म्हणाली. "बैल उधळला समजा. पाय रोवा, कासरा धरा घट्ट."

तो तिच्याकडे बघत उभा राहिला. माझ्या कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच एक पुरुष आला होता.

बाकावर तंबाखू मळत मघापासून त्याला निरखणारे महादेवभाऊ ताडकन उठले. "हा तं तुळसाराणी! नाटकवाल्याले मी पोरगी देत नाई."

पोरगी अजून कोणी मागितलीच नव्हती. तुळशीरामचा चेहरा मात्र पडला.

अनसूया खाली बघत म्हणाली, "बाबा, आपल्या देव्हाऱ्यात याचाच फोटो आहे ना? रोज हात जोडून राह्यले तुमी. मंग जावई म्हणून काऊन चालत नाई?"

महादेवभाऊंनी तंबाखू तोंडात टाकली. मग तुळशीरामला आता काय काम करतोस ते विचारलं. मला इतकं हसू आलं की मी काळ्या कापडात डोकं घातलं.

त्या दोघांच्या लग्नातही फोटो काढायला मीच होतो. फोटोत त्याची मान तिरपी आहे आणि तिनं पाय रोवलेत. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला कॅमेऱ्याकडे बघायला सांगत नाही. बघावंसं वाटेल असं माणूस कॅमेऱ्यामागे उभं करतो.