निळ्या शर्टाचं गुपित

“तात्या, पन नाव कुठं टाकलंय? मग कुनाला कळनार?” संजू मलाच समजावत होता.

तेव्हा मी काष्टी गावात केबलच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होतो. कंट्रोल रूम म्हणजे एक व्हीसीआर, एक कॉम्प्युटर आणि माझी खुर्ची. सिनेमा चालू असताना टीव्हीच्या तळाशी मजकुराची पट्टी सरकते, तिला आम्ही स्क्रोल म्हणायचो. वाढदिवस, खताची जाहिरात, हरवलेली शेळी, सगळं त्यातच. कॉलेजातल्या संजूचा मेसेज होता, ‘उद्या बाजारात मी निळा शर्ट घालून येईन. हे फक्त आपल्या दोघांत.’

“आरं, अख्खं गाव वाचंल.”

“वाचू द्या की. कळंल फक्त तिलाच.”

मी स्क्रोल सोडला. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी बाजारात निळा शर्ट औषधालाही नव्हता. आपल्या पोरावर संशय नको म्हणून घरोघरी आयांनी तो धुवायला टाकला होता. लोक भाजी सोडून एकमेकांचे कपडे बघत होते. आणि त्यात संजू आला, कडक इस्त्रीच्या निळ्या शर्टात. समोरच त्याचे वडील वांगी विकायला बसलेले. त्यांना कळतं तर पोराचं कॉलेज बंद झालं असतं आणि माझी नोकरीही गेली असती. मी घोंगडीवाल्याच्या ढिगातली एक ओढली आणि त्याला गळ्यापर्यंत गुंडाळलं. भर उन्हात.

“तात्या, आता तिनं मला वळखायचं कसं?”

“आधी बापानं वळखू नये, ते बघ!”

तेवढ्यात स्कूटरवरून आमचे मालक अण्णा आले. अंगात नवाकोरा निळा शर्ट. रोज संध्याकाळी ते वायरी जोडत फिरायचे, त्यामुळे आपल्या चॅनेलवर काय चाललंय हे गावात एकट्या त्यांनाच माहीत नसायचं.

कुणीतरी शिट्टी मारली. मेथीची जुडी घेऊन अण्णांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, पुढं आल्या. “आपल्या दोघांत व्हय? कोन हाय ती?”

“कोन कोन हाय?” अण्णा म्हणाले. बाजार हसून लोळला.

महिनाभर स्क्रोल बंद राहिला. पुन्हा सुरू झाला तो एका अटीवर, की प्रत्येक मेसेज आधी वहिनी वाचणार. पहिल्याच दिवशी संजू तोंड पाडून हजर.

“लिवा, ‘निळा शर्टवाला मी होतो, अण्णा न्हाई.’ खाली माझं पूर्ण नाव टाका.”

“आरं, बाप जित्ता ठेवंल का?”

“ते बघू. कॉलेजात समदी अण्णांचंच नाव घेत्यात!”

शेजारी बसलेल्या वहिनी एवढ्या खूश झाल्या, की त्यांनी तो मेसेज सिनेमाभर फिरवायला लावला.

पुढच्या बाजारी संजू बापाशेजारी बसून वांगी तोलत होता. गाल सुजलेला, पण मान ताठ.

ती मुलगी कोण, हे मात्र काष्टीला आजवर कळलेलं नाही. तिनं कधी मेसेजच दिला नाही.