डेअरीच्या ग्रुपवरचा चेहरा

दहावीत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण पहाटे चारला उठायची, धारा काढायची, डेअरीवर दूध घालायची आणि मग शाळेत यायची. इतिहासाच्या तासाला तिला हमखास डुलकी लागे. एकदा ती तोंड उघडं टाकून झोपली होती, ओठाच्या कोपऱ्यात लाळ आली होती. त्या दिवशी वडिलांच्या नकळत दप्तरात लपवून आणलेल्या घरच्या मोबाईलवर मी फोटो काढला. का, तर हसू आलं म्हणून. तिच्यावर राग असता तर आज निदान सांगायला तोंड राहिलं असतं.

घरी जाऊन त्याचं स्टिकर केलं आणि ‘माझं नाव सांगू नको’ म्हणून एकीला पाठवलं. संध्याकाळपर्यंत ते वर्गाच्या ग्रुपवर फिरत होतं.

आमच्या गावात तेव्हा घरटी एकच फोन. संध्याकाळी पोरांचा, सकाळी बापाचा. त्यामुळे आमची स्टिकरं बापांच्या हाती आपोआप लागत. डेअरीच्या ग्रुपवर कुणीतरी ‘दुधाची गाडी अजून न्हाई आली’ असं लिहिलं, तर उत्तराला तिचा झोपलेला चेहरा आला. मग रोजच येऊ लागला.

तिच्या वडिलांना यातलं काही कळत नव्हतं. ते माझ्या वडिलांना कौतुकानं म्हणाले, “पोरगी लई कष्टाची हाय, म्हनून लोक फोटो टाकत्यात.” आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या रामरामाला तेही लेकीचं तेच स्टिकर टाकू लागले. मी ऐकून मान खाली घातली. एक शब्द बोलले असते तर ते तिथंच थांबलं असतं.

ती वर्गात स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून बसू लागली. झोप येऊ नये म्हणून मांडीला चिमटे काढायची. डबा उघडेनाशी झाली. एकदा मला म्हणाली, “कुनी काढला असंल गं?”

“पोरांपैकीच कुनीतरी,” मी म्हणाले. किती सहज म्हणाले!

दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. घरीही झोपेना. डोळा लागला की कुणीतरी फोटो काढतंय असं वाटायचं. नगरच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. मार्चमध्ये आम्ही सगळ्या पेपरला गेलो, ती गेली नाही.

परवा सुट्टीत गावी गेले, तेव्हा डेअरीवर तिला गाठलं. दोन वर्षं गिळून ठेवलेलं एका दमात सांगून टाकलं. तिनं किटलीचं झाकण लावलं.

“मला तवाच कळलं हुतं. फोटो खिडकीच्या बाजूनं हाय. खिडकीपाशी तूच बसायचीस.”

“मंग बोलली का न्हाईस?”

“बोलले असते, तर बसायचं कुनापाशी?”