गडग्यापलीकडून लागणारा टॉर्च

मी शाळेत विज्ञान शिकवते, हे आधीच सांगून टाकते. राखणदार देवचार, भूतबाधा काढणारा घाडी, नारळ ठेवणं... यातलं काहीही मी आयुष्यात मानलं नाही. लग्न होऊन सासरी आल्यावर यावरून घरात भांडणंही केलीत. या ग्रुपवरचे असले अनुभव मी आजवर फक्त वाचले, आणि खरं सांगायचं तर हसतच वाचले. आता स्वतःचा लिहायला बसलेय, तरी निम्मं लक्ष यात माझी चूक कुठे सापडते याकडेच आहे. तुम्हाला सापडली तर जरूर सांगा. मला ती हवीच आहे.

साल २००८, फेब्रुवारी ते एप्रिल. आमचं घर जामसंड्याच्या बाहेर, डांबरी रस्त्यापासून पाणंदीने आत सात-आठ मिनिटांवर. चिऱ्याचं, कौलारू. पुढे पडवी, मग सारवलेलं खळं म्हणजे अंगण, मग हापूसची पंधरा-वीस कलमं आणि शेवटी दगड रचून केलेला कमरेएवढा गडगा. पडवीच्या पायरीपासून गडग्यापर्यंत माझी साठ पावलं होतात. (नंतर मोजली, म्हणून सांगते.) गडग्यापलीकडे नुसता उघडा कातळ. घर नाही, विजेचा खांब नाही, झाडसुद्धा नाही.

डाव्या हाताला माझ्या चुलतदिराचं, विलासभावजींचं घर. त्यांच्याशी आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. पाणंद त्यांच्या खळ्याच्या कडेने जाते, आणि त्यांनी तिच्यात चिरे टाकून ठेवले होते. माझा नवरा संदीप बोटीवर, आठ-आठ महिने बाहेर. घरात मी आणि सासरे. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

फेब्रुवारीत एका दुपारी, मी शाळेत असताना, कोणीतरी स्वयंपाकघरावरची कौलं काढून आत उतरलं. अप्पा बाजूच्या खोलीत पडलेले. त्यांना उठता येईना. दाराच्या फटीतून त्यांना फक्त पाय दिसले. तो माणूस घरभर निवांत फिरला आणि पितळेची भांडी घेऊन गेला. अप्पांना त्याचा धसकाच बसला. "पाय वळकीचे होते," असं ते सारखे म्हणायचे आणि विलासभावजींच्या घराकडे बघायचे.

संदीपचा फोन आला तेव्हा मी रडलेच. तो म्हणाला, "आधी एक चांगला टॉर्च घे. लाईट असते कुठे तिकडे?" खरंच होतं ते. तेव्हा आमच्याकडे रोज संध्याकाळी सात ते साडेआठ लोडशेडिंग असायचं.

मार्चच्या सुरुवातीला देवगडात दुकानदाराने मला विचारलं, "मॅडम, घरासाठी की बागेसाठी? घराक पसरट उजेड लागता, बागेक लांबचो."

"चोरासाठी," मी म्हटलं.

तो हसला आणि तीन सेलवाला स्टीलचा लांबलचक टॉर्च काढून दिला. "ही बॅटरी घ्या. नाय पेटली तर डोक्यात घालूक बरी."

पहिल्याच संध्याकाळी, साडेसातच्या सुमाराला, पायरीवर उभी राहून मी तो लावला. कलमांमधून फिरवत गडग्यापर्यंत नेला, मग गडग्यावरून पलीकडे... आणि पलीकडूनही टॉर्च लागला.

तसाच पिवळट. छातीएवढ्या उंचीवर. सरळ माझ्या तोंडावर.

मी दचकून बटण बंद केलं. तोही बंद झाला. लावलं, तोही लागला. तीनदा केलं. माझ्या आधी नाही, नंतर नाही, बरोबर माझ्यासोबत. पडवीतल्या खुर्चीतून अप्पा ओरडले, "कोण रे ता? आवशीक खाव तुज्या! समोर ये!"

मार्चमध्ये कातळावरचं गवत वाळून कुरकुरीत होतं. मांजर चाललं तरी वाजतं. काहीच वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी मी गडग्यावरून उडी टाकून तो सगळा भाग तपासला. माझ्या डोक्यात एकच, परावर्तन! फुटकी काच, पत्रा, गाडीचा आरसा, प्लास्टिकचा कागद, काहीतरी असणारच. काही नव्हतं. काळा कातळ आणि गवत. पावलांचे ठसे नाहीत, पण ते कातळावर उमटतही नाहीत.

संध्याकाळी मी एक प्रयोग केला. टॉर्च लावून पडवीच्या कठड्यावर ठेवला, गडग्याकडे तोंड करून. समोरून उजेड आला. मग मी टॉर्च तिथेच सोडला आणि चालत खळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. आरशातला उजेड असता तर तो टॉर्चकडेच बघत राहिला असता.

तो हलला. हळूहळू, माझ्या चालीने, माझ्याबरोबर वळत आला.

मी धावत घरात गेले आणि कडी लावली. पण एक गोष्ट नक्की झाली, निदान तेव्हा मला तसं वाटलं... परावर्तन नाही, म्हणजे माणूस. आणि माणूस म्हणजे कोण, हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

सकाळी मी तडक विलासभावजींच्या खळ्यात जाऊन उभी राहिले. मी चिडले की घरची मालवणी सुटते आणि शाळेतली मराठी तोंडात येते.

"बाईमाणूस एकटी बघून अंधारात घाबरवता? लाज नाही वाटत? भांडी नेलीत ती नेलीत, आता हे सुरू केलंत?"

ते दात घासत होते. चूळ टाकून म्हणाले, "काय बोलतंस ता तुका तरी कळता काय गो वयनी? माका काय कामधंदो नाय?"

त्यांची बायको मनीषा आतून चार्जिंगचा दिवा घेऊन आली आणि तिने तो माझ्यासमोर आपटला. "ह्यो एकच दिवो आसा आमच्याकडे. बघ नीट! आमच्या माणसाक चोर म्हणतंस? पुन्हा ह्या खळ्यात पाय ठेवलंस तर बघ."

मी काही बघितलं नाही. आजूबाजूच्या चार घरांना ऐकू जाईल असं बोलले आणि निघाले. पुढच्या आठवड्यात सगळ्या वाडीत झालं की विलासने चुलत्याचं घर फोडलं. ते मीच केलं होतं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

उजेड मात्र यायचाच. मी टॉर्चचा झोत गडग्यापलीकडे नेला की यायचा. नाही नेला तर नाही. पुढच्या फोनवर संदीपला सांगितलं, तर तो म्हणाला, "त्याचं तोंड दिसलं पाहिजे. आमच्या बोटीवर असतात तसला टॅक्टिकल टॉर्च बघ. समोरचा आंधळाच होतो."

माझं माहेर सावंतवाडीचं. तिथल्या बाजारात एका इलेक्ट्रिकच्या दुकानात तसला मिळाला. तेव्हा ही वस्तू कोणी फारशी पाहिलेली नव्हती. मुठीत मावणारा, काळा, कडेला दाते. दुकानदार हौशी होता. शटर खाली ओढून, अंधार करून त्याने मला दोन-तीन प्रकार लावून दाखवले.

"नुसता उजेड किती ते बघू नका मॅडम. हा बघा, ह्याचा झोत एका ठिकाणी बसतो. बटण मागे आहे, अंगठ्याने दाबायचं. अर्धं दाबून दोनदा सोडलं की फडफडतो. चोराच्या डोळ्यांवर मारा, त्याला पाय कुठे टाकावा ते कळणार नाही."

त्याने तो भिंतीवर फडफडवला. मला तिथेच गरगरलं. मी तोच घेतला.

एप्रिलमधला दिवस. पावणेआठ झाले, लाईट गेलेली. अप्पांना खुर्चीत बसवलं. "आज तोंड बघायचं त्याचं," मी म्हटलं. अप्पा नुसते हं म्हणाले. पायरीवर उभं राहून मी अंगठा दाबला.

पांढराशुभ्र झोत कलमांमधून सरळ गेला. आणि समोरून पांढराशुभ्र झोत आला. तोच निळसर पांढरा रंग. असला टॉर्च आमच्या वाडीत कोणाकडे असणं शक्य नव्हतं. माझा मी त्याच दुपारी पिशवीतून घरी आणलेला.

आणि या वेळी तो गडग्यापलीकडे नव्हता. अलीकडे होता. कलमांमध्ये. आमच्यामध्ये एका कलमाचं खोड होतं. ते दोन्ही बाजूंनी उजळलेलं होतं, आणि त्याची सावली कुठेच पडली नव्हती.

माझा अंगठा बटणावर होता. फडफडवायचं मनात आलं होतं, दाबलं नव्हतं. दाबलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्याआधीच तो फडफडायला लागला.

झाडं उड्या मारल्यासारखी दिसायला लागली. लखकन उजेड, अंधार, उजेड, अंधार... आणि प्रत्येक उजेडाला तो थोडा जवळ. मी माझा टॉर्च बंद केला. दीड महिन्यात पहिल्यांदाच तो माझ्यासोबत बंद झाला नाही.

मागून अप्पांचा घशातून घरघरल्यासारखा आवाज येत होता. तेवढ्यात डावीकडून हाक आली.

"वयनी! कोण आसा गो थय?"

विलासभावजी. त्यांनी त्यांच्या खळ्यातून दोन उजेड बघितले होते. हातात दांडा घेऊन ते त्यांच्या बाजूचा गडगा चढून आत येत होते. दीड महिना गावाने चोर म्हटलेला माणूस! त्यांना तो सापडायलाच हवा होता.

"थांब मेल्या! तुज्यामुळे माका लोक चोर म्हणतत! थांब!"

ते सरळ त्या उजेडावर धावून गेले. फडफड थांबली. झोत माझ्यावरून निघाला आणि त्यांच्याकडे वळला. माझ्याकडे मिट्ट काळोख, आणि समोर ते नखशिखांत उजळलेले. लुंगी, वर उचललेला दांडा, उघडं तोंड. मग तो उजेड एकदम वाढला. किती, ते सांगता येणार नाही. आवाज काही नाही. आणि गेला.

त्यानंतर फक्त त्यांची किंकाळी.

मी माझा टॉर्च लावला आणि धावले. ते कलमाखाली गुडघ्यांवर बसले होते, दोन्ही तळवे डोळ्यांवर. मनीषा आली. तिने माझ्या हातात टॉर्च बघितला, नवऱ्याला बघितलं आणि माझ्या अंगावर धावून आली. रिक्षातून दवाखान्यात जाईपर्यंत ती मला शिव्या घालत होती.

डावा डोळा दोन दिवसांत सुधारला. उजव्याचा मधला भाग गेला तो गेलाच. कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "वेल्डिंग करता का? की ग्रहण बघितलंत?" टॉर्चने असं होत नाही म्हणाले. पण मनीषाने तोवर तक्रार दिली होती, की पाणंदीच्या रागातून मी मुद्दाम तिच्या नवऱ्याचा डोळा घालवला. गावात कोणालाच ते खोटं वाटलं नाही. मीच सगळ्यांना आमचं वैर ओरडून सांगितलं होतं ना!

हवालदार घरी आले. टॉर्च हातात घेऊन त्यांनी स्वतःच्याच तोंडावर लावून बघितला आणि बराच वेळ डोळे चोळत बसले. मग अप्पांना विचारलं, "तुम्ही पडवीत होतात ना? काय बघितलंत?"

अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी भितर होतंय. माका काय एक दिसूक नाय."

माझ्या मागे दोन हातांवर बसले होते ते. सगळं बघितलं होतं. भीतीने खोटं बोलले की आणखी कशाने, मला माहीत नाही. वारले तोवर या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी मात्र मला नोकरी जाईल, पोलिसात नाव लागेल, सगळं दिसायला लागलं.

मग हवालदार विलासभावजींकडे गेले. मीही मागोमाग गेले, त्यांच्या खळ्याच्या कडेला उभी राहिले. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून ते बसले होते. मनीषा शेजारी.

"वयनी मागे पडवीकडे होती," ते म्हणाले. "तिची बॅटरी बंद होती. माका लागलो तो उजेड समोरसून इलो."

"अहो, काय बोलताय!" मनीषा ओरडली.

"खरा ता सांगतंय."

हवालदारांनी विचारलं, "समोर कोण होतं मग?"

"कोण नाय. मी अगदी जवळ गेलंय. त्येच्या मागे हात नाय, माणूस नाय, काय नाय. पण तो माज्याकडे वळलो ना... तो रागान वळलो. माणूस वळता तसो."

हवालदारांनी हे शेवटचं लिहून घेतलं नाही. तक्रार पुढे गेली नाही.

संदीप सप्टेंबरमध्ये आला. त्याने तोच टॉर्च घेऊन आठ संध्याकाळी गडग्यापलीकडे लावून बघितला. झोत कातळावरून लांब गेला आणि विरला, बस्स. त्याला आजही वाटतं की माझं आणि विलासचं काहीतरी झालं आणि आम्ही दोघं मिळून ते लपवतोय. मी पुन्हा तिकडे टॉर्च लावला नाही. मला उत्तर मिळेल की नाही, याची परीक्षा घ्यायची माझी हिंमत नाही. वेल्डिंग नाही, वीज नाही, परावर्तन नाही. मुलांना प्रकाशाचा धडा दरवर्षी शिकवते, आणि त्यात बसणारं काहीही मला सापडलेलं नाही.

हवालदार गेले त्या दिवशी मी विलासभावजींची माफी मागायला पुढे झाले होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"माफी नको वयनी. माका तुझो राग आसा तो आसाच, तो जावचो नाय. पण डोळो तू नाय घेतलंस."

आणि एका डोळ्याने अंदाज घेत, भिंत चाचपत ते आत गेले.